तीन राजे टाकणारी बाई

१

दमयंती सावेने हातातली तीन पानं उलटी केली, टेबलावर ओळीने मांडली आणि म्हणाली, "मी पानं टाकते."

तीन राजे होते. इस्पिकचा, बदामचा आणि चौकटचा.

बोईसरच्या त्या सभागृहातल्या पहिल्या रांगेने माना उंच करून पानं बघितली. मग मागच्या बाकावरून सालवडच्या चाळीतला एक कामगार म्हणाला, "अरे, इसने तीन बादशाह फेंक दिये," आणि पुढचं बघायला माणसं खुर्च्यांवर चढली.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतरचा रविवार होता. क्रीडा मंडळाच्या तीन पत्ती स्पर्धेची अंतिम फेरी. मंडळात पैसे लावायला मनाई, म्हणून खेळ कवड्यांवर चालायचा, आणि शेवटी ज्याच्याकडे सगळ्या कवड्या जमतील त्याचं नाव फिरत्या ढालीवर कोरलं जायचं. एवढ्याशा ढालीसाठी पालघरपासून मनोरपर्यंतची माणसं येत. या वर्षी पहिल्यांदाच बायकांना प्रवेश मिळाला होता. नऊजणी आल्या, आठ दुपारपर्यंत बाद झाल्या. शिरगावची दमयंती मात्र जेवणाच्या सुट्टीनंतरही टेबलावर होती, आणि चहानंतर उरलेल्या दोघांतली एक होती.

दुसरा प्रताप राऊत. एका रंगाच्या कारखान्यातला फोरमन, सलग दोन वर्षं ढाल जिंकलेला. त्याची एक खोड सगळ्या बोईसरला माहीत होती. शेवटी दोघंच उरले आणि ढीग सारखे झाले, की प्रताप पानं उचलायचाच नाही. न बघता सगळ्या कवड्या पुढे सरकवायचा. त्याला ब्लाइंड खेळणं म्हणतात. आताही त्याने तेच केलं होतं. हसत हसत दोन्ही हातांनी ढीग पुढे ढकलला आणि मागे टेकून बसला.

दमयंतीने तेवढ्याच कवड्या पुढे केल्या असत्या की पानं उघडली असती आणि स्पर्धा तिथेच संपली असती. तीन पत्तीत तीन सारख्या पानांहून मोठं काही नाही, आणि त्यातही तीन राजांच्या वर फक्त तीन एक्के. असा हात माणसाला जन्मात एखाद्या वेळी येतो. तो तिने टाकला.

प्रताप मोठ्याने हसला. "बाई, मी अजून बघितलीसुद्धा नाहीत हो," म्हणत त्याने आपली तीन उपडी पानं पुढे लोटली. पानं टाकल्यावर जिंकणाऱ्याने आपली दाखवायची नसतात, तसा नियमच होता. पण पत्ते वाटणाऱ्या विश्राम घरतने ती पानं उचलली. "बगा तरी, कशाला घाबरल्या बाई," असं म्हणत त्याने ती एकेक करून उलटी केली.

एक्का. एक्का. एक्का.

प्रतापचं हसू तिथेच थांबलं.

२

मंडळाचे अध्यक्ष धर्माजी संखे माइक हातात घेऊनच उभे होते. दिवसभर तो त्यांच्या हातातून सुटला नव्हता. त्यांनी तो तोंडाजवळ नेला, मग विचार करून खाली ठेवला आणि नुसत्याच आवाजात बोलले. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"राऊतांनी स्वतः पानं बघितली नव्हती. म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून बाईंना काही कळायचा प्रश्न नाही. तरी बाईंना कळलं की समोर तीन एक्के आहेत. कसं कळलं?"

"सांगा, कसं कळलं," गर्दीतून दोघातिघांनी विचारलं.

 दमयंती पस्तिशीची, उन्हाने रापलेली बाई. नारळाची आणि फुलांची वाडी सांभाळणारी. ती समोरच्या राजांकडे बघत राहिली.

"पत्त्यांवर खुणा असतील, नाहीतर कुणीतरी इशारा केला असेल," धर्माजी म्हणाले. "मी बायकांना घ्यायला नको म्हणत होतो ते याचसाठी. आता बाईंचं नाव माइकवरून जाहीर करतो, आणि पुढच्या वर्षीपासून हा प्रकार बंद."

"थांबा, धर्माजीशेठ."

पंचांच्या खुर्चीवरून विजया चुरी उठली. बायकांना प्रवेश मिळावा म्हणून मंडळाशी सहा महिने भांडली होती ती हीच. पालघरला राहायची, विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायची. औद्योगिक वसाहतीत कुठे गोदाम जळालं, कुठे यंत्राचा स्फोट झाला, की विजया स्कूटरवरून हजर. आग आपोआप लागली की कुणी लावली, एवढंच तिला ठरवायचं असे. त्या एका वाक्यावर कारखाने उभे राहत किंवा बसत.

तिच्या मनात हिशोब सुरू झाला होता, आणि तो दमयंतीच्या विरुद्ध जात होता. तीन राजे हातात असताना हरायला समोर तीन एक्केच लागतात. न बघितलेल्या हातात ते असण्याचा संभव साडेचार हजारांत एक. शहाणा माणूस त्या एका शक्यतेकडे बघतसुद्धा नाही. दमयंती नेमकी तिलाच घाबरून पळाली होती, आणि ती शक्यता खरी निघाली होती. धर्माजींचा संशय वेडगळ नव्हता. विजयाला स्वतःलाच तो येत होता.

"पंच म्हणून मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "दारं लावून घ्या. आणि या टेबलावरच्या एकाही पानाला कुणी हात लावायचा नाही." तिने पत्त्यांच्या उरलेल्या कॅटवर आपला रुमाल टाकला. "विश्राम, बाईंना पाणी आणता का जरा?"

"आनतो, ताई," म्हणत विश्राम आतल्या खोलीत गेला. माठ तिथे होता, आणि सगळ्यांच्या पिशव्याही तिथेच खुंट्यांना टांगलेल्या होत्या.

विजया दमयंतीच्या शेजारी बसली. 

"दमयंतीबाई, समोर तीन एक्के आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाय, ताई."

"मग टाकली का?"

"त्यांच्या पानांना घाबरलेच नाय मी. माज्याच पानांना घाबरले."

"म्हणजे?"

दमयंतीने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "सकाळपासनं आमी ह्याच कॅटनं खेळतोय. चिवड्याचं तेल, घाम, चहा. पानं येकमेकाला चिकटत व्हती. येक उचलायला गेलं का दोन यायची. ह्या वेळी उचलली, तं सळकन सुटली. बघते तं तीन राजे. आदी आनंद झाला. मंग अंगावर काटा आला."

विश्राम पाण्याचा पेला घेऊन आला. तिने एका दमात तो रिकामा केला आणि म्हणाली, "ताई, हा कॅट आपला नाय."

३

विजयाने रुमाल उचलला. पहिल्या रांगेतल्यांना दिसेल असा तो कॅट उलटा करून टेबलावर पसरला.

मागच्यांना काही कळेना. पुढचे मात्र एकमेकांना पानं दाखवू लागले, आणि ती कुजबुज हळूहळू मागे सरकत गेली. इस्पिकची दुर्री, तिर्री, चौकी, थेट राणीपर्यंत. मग बदामची दुर्रीपासून राणीपर्यंत. मग चौकट. शेवटी किलवर, आणि फक्त किलवरला राजा आणि एक्का शिल्लक होते. दुकानातून कोरा कॅट आणून त्यातली वरची सहा पानं तेवढी लावली होती. बाकीच्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"हा कॅट एकदाही पिसलेला नाही," विजया म्हणाली. "आधीच्या डावापर्यंत आपला जुना होता. शेवटच्या डावाला कुणीतरी बदलला. छाप तोच, पाठ तीच निळी, त्यामुळे लक्षात आलं नाही."

धर्माजींचा चेहरा उतरला. "पण मी स्वतः काटला हो. हा डाव वाटायच्या आधी. एका हातात माइक होता, दुसऱ्या हाताने वरचा अर्धा उचलून खाली ठेवला. सगळ्यांनी बघितलं."

"बघितलं. मीही बघितलं. तुम्ही काटलात तेव्हा लावलेला कॅट असता, तर ती सहा पानं मध्ये कुठेतरी गेली असती. म्हणून तर विश्रामवर कुणाचा संशय गेला नाही."

"जायाला कशाला पायजे?" विश्राम म्हणाला. तो मंडळाचा रखवालदार. चार वर्षं पत्ते तोच वाटायचा. "मी निस्ता वाटतो. ताई, तुमी पिशव्या का नाय बघत सगळ्यांच्या? जुना कॅट कुटंतरी असंलच की. पयली माजी बगा."

सूचना बरोबर होती. पत्त्यांना हात लावलेली माणसं चारच. धर्माजी, विश्राम, प्रताप आणि दमयंती. आतल्या खोलीतून चौघांच्या पिशव्या आणून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवल्या.

विश्रामच्या पिशवीत भाकरीचं फडकं आणि सालवडच्या खोलीची किल्ली. धर्माजींच्या पिशवीत भाषणाचा कागद आणि औषधाच्या गोळ्या. दमयंतीच्या पिशवीत धुतलेली साडी आणि देवाला वाहून उरलेली फुलं. पत्त्यांऐवजी फुलंच निघाली तेव्हा गर्दी थोडी हिरमुसली, असं विजयाला वाटलं.

चौथी प्रतापची. विजयाने चेन उघडली. वरच, घडी केलेल्या टॉवेलवर, निळ्या पाठीचे पत्ते रबर लावून ठेवलेले होते. तिने दोन बोटांनी वरचं पान सरकवलं. खालचं त्याला चिकटून आलं.

४

ज्या प्रतापला दोन वर्षं खांद्यावर घेऊन नाचले होते त्याच्याच अंगावर लोक धावून गेले. कोणीतरी त्याची खुर्ची ओढली. "म्हणून ब्लाइंड खेळतोस होय," एकजण म्हणाला. "आम्ही येडे दोन वर्षं." कारखान्यातली त्याच्या हाताखालची पोरं कोपऱ्यात उभी होती. त्यांच्यापैकी कोणी पुढे येईना.

प्रताप पिशवीकडे बघत होता. "हे माझ्या पिशवीत कसं आलं?" त्याने विचारलं. विचारलं ते विजयाला. दुसऱ्या कोणाकडे बघायची त्याची हिंमत नसावी.

"सांगते," ती म्हणाली. "तुम्ही बसा. सगळेच बसा."

ती बसली नाही. तिला राहवत नव्हतं. जळक्या गोदामात फिरताना एखाद्या क्षणी सगळं जागच्या जागी बसतं आणि मग पाय एका जागी ठरत नाहीत, तसं तिचं झालं होतं.

"मी आगी बघते," तिने सुरुवात केली. "गोदाम जळालं आणि रॉकेलचा डबा मालकाच्या केबिनमध्ये, दाराशीच, सगळ्यांना दिसेल असा सापडला, की मी मालकाला बाजूला ठेवते आणि दुसऱ्या कुणाकडे तरी बघते. इथेही तसंच आहे. ज्याला लबाडी करून जिंकायचं असतं, तो कोऱ्या कॅटची मागची पानंही पिसून ठेवतो. दोन मिनिटांचं काम. म्हणजे कुणी तपासलं तरी काही सापडत नाही. इथे ती तशीच ठेवली. का? लबाडी सापडावी म्हणूनच. दुर्रीपासून राणीपर्यंत, लहान मुलाला कळेल अशी. ज्याने हे केलं त्याला राऊतांना जिंकवायचं नव्हतं. जिंकल्यावर पकडून द्यायचं होतं."

"पण बाईंना राजे कशाला दिले?" धर्माजींनी विचारलं.

"त्यांनी मागे हटू नये म्हणून. तीन राजे हातात असताना कोण हटतं? बाईंनी कवड्या पुढे करायच्या, राऊतांनी न बघता तीन एक्के उघडायचे, आणि सगळ्या सभागृहाने म्हणायचं, हे शक्य नाही. मग कुणीतरी कॅट बघायचा, कुणीतरी पिशव्या बघा म्हणायचं. बेत पक्का होता. बाई हटतील, एवढंच त्यात धरलं नव्हतं."

ती दमयंतीकडे वळली. "अंगावर काटा आल्यावर पुढे काय झालं ते सांगा."

दमयंती आता उभी राहिली. आवाज अजून बारीक होता. "माजे बाबा मला पत्ते शिकवायचे, तवा सांगायचे, पानं आपसूक पडतात तवरच हिशोब. म्हनून मी सोताला इचारलं, राजे आपसूक आले का कुनी धाडले? पानं कोरी लागली नसती, तं मी आपसूकच म्हनले असते आन सगळ्या कवड्या लावल्या असत्या. पन कॅट बदललेला. मंग हे धाडलेलेच. ज्यानं मला येवढं धाडलं, त्यानं समोर त्याहून मोटं धाडलं असनार. नायतं मला कशाला देईल? टाकले तं दोन कवड्या जातील, खेळले तं सगळ्या."

"मग तेव्हाच बोलायचं होतं," धर्माजी म्हणाले.

"बोलले असते, तं हरायला आली म्हनून बाई कांगावा करते म्हनाले असते तुमी. म्हनून पानं उताणी टाकली. म्हटलं, कुनीतरी इचारंल."

पहिल्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

"साडेचार हजारांत एक, हा हिशोब मी केला," विजया म्हणाली. "तो पिसलेल्या कॅटचा. बाईंनी आधी कॅटच तपासला. मी नाही तपासला." ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. "आता कॅट बदलला कोणी. काटल्यानंतर बदलला, हे मघाशी ठरलं. जुना कॅट काटेपर्यंत टेबलावर होता, म्हणजे राऊतांच्या पिशवीत तो त्यानंतरच गेला. राऊत चहानंतर या खुर्चीवरून उठलेच नाहीत. शेकडो माणसं त्यांच्याकडे बघत होती. बाईही जागेवर. धर्माजीशेठही माइक घेऊन इथेच. काटल्यापासून पिशव्या बाहेर येईपर्यंत आतल्या खोलीत एकच माणूस गेला. मीच पाठवला. पाणी आणायला."

 मग एकेक करून माना वळल्या.

"धर्माजीशेठनी काटलं तेव्हा गर्दी पुढे आली होती," विजया म्हणाली. "विश्राम, तुम्ही कॅट उचलून छातीशी धरलात आणि दुसऱ्या हाताने लोकांना मागे सारलंत. मग खाली बसून वाटलंत. काटल्यावर कॅट त्याच दोन हातांत होता, आणि सदऱ्याच्या आत हात जायला तेवढा वेळ पुरतो. बाई मागे हटल्या आणि तुमचा बेत फसला, तेव्हा नियम मोडून राऊतांची पानं तुम्हीच उलटी केलीत. चार वर्षांत तुम्ही असं कधी केलं नव्हतं. पिशव्या बघा, हेही तुम्हीच म्हणालात."

"दोघांची मिलीभगत असंल," मागून कोणीतरी म्हणालं.

"मिलीभगत असती, तर पुरावा जोडीदाराच्या पिशवीत कशाला टाकतील?"

विश्रामने सदऱ्याचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला. बोटांना ते सापडेना.

५

"विश्राम," प्रताप म्हणाला. "तू?"

दोघं बालपणापासूनचे मित्र होते. एकत्र शाळा सोडली, एकत्र मिठागरात राबले, एकत्र वसाहतीत काम शोधायला आले. हे बोईसरमधल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, म्हणूनच विश्राम असं काही करेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुला आठवत नसंल," विश्राम म्हणाला. "चौऱ्यात्तरचं साल. कारखान्यात कायमची येकच जागा व्हती, आन आपन दोगं. सायेब म्हनला, तुमचं तुमी ठरवा. चहाच्या टपरीवर पत्ते काढले आपन. मला गुलाम आला. तू पान बगितलंसुदा नाय. तसंच पालथं टपरीवाल्याच्या हातात दिलंस. त्यानं उलटं केलं. राणी."

"आठवतं."

"तू कायम झालास. क्वार्टर मिळालं. फोरमन झालास. मी कंत्राटावर, मंग त्येबी गेलं, मंग हितं झाडू मारायला. आन दोनी वर्षं तू आलास, न बगता ढाल घेऊन गेलास. मी वाटायचो आन तू जिंकायचास. न बगता कुनी येवढं जिंकतो का? मला म्हाईत व्हतं तू तवाबी काईतरी केलंस. निस्तं सापडत नव्हतं. म्हटलं, सापडत नाय तर सापडवू."

  "मी काही केलं नव्हतं रे," प्रताप म्हणाला.

"विश्राम," विजया म्हणाली. तिच्या आवाजातला मघाचा ताव गेला होता. "दोघांनी एकेक पान काढलं, तर दोघांपैकी एक जिंकतोच. निम्मा तो, निम्मे तुम्ही. त्यात लबाडी शोधायला जागाच नाही हो. साडेचार हजारांत एक असं काही घडलं, तर मी चौकशी करते. दोघांत एक घडलं, तर नाही करत."

विश्राम तिच्याकडे बघत राहिला. त्याने हे कधी ऐकलं नसावं, किंवा ऐकवायला कोणी समोर बसलं नसावं.

धर्माजींनी माइक उचलला. दमयंतीची माफी मागितली, आणि माइकवरून मागितली, हे त्यांच्याकडून पुष्कळ होतं. विश्रामला मंडळातून काढल्याचं ते जाहीर करणार, तेवढ्यात प्रतापने त्यांचा हात धरला.

"ते उद्या बघा, शेठ. आज स्पर्धा संपलेली नाही. बाईंनी पानं टाकली, डाव गेला, एवढंच. दोन कवड्या सोडल्या तर दोघांचे ढीग अजून सारखेच आहेत." तो विश्रामकडे वळला. "जुना कॅट घे. वाट."

"मी?"

"तूच."

"आवो, काहीतरीच काय," धर्माजी म्हणाले.

"वाटू द्या त्यांनाच," दमयंती म्हणाली. "माजी हरकत नाय."

लोक पुन्हा खुर्च्यांवर चढले. या वेळी कोणी कुणाला मागे सारलं नाही. विश्रामने चिकट पत्ते पिसले. एकदा पिसून झाले, पुन्हा पिसले, मग टेबलावर पसरून दोन्ही हातांनी फिरवले. धर्माजींनी माइक खाली ठेवून काटले. विजया त्याच्या शेजारीच उभी राहून बघत होती. विश्रामने एकेक पान बोटाने सोडवून टेबलावर टाकलं. एक बाईला, एक प्रतापला. तीनदा.

प्रतापने पानांना हात लावला नाही. एकदा विश्रामकडे बघितलं आणि सगळा ढीग पुढे सरकवला.

दमयंतीने आपली पानं उचलली. दोन चौक्या आणि एक नव्वी. छोटीशी जोडी. पानं बोटांना चिकटत होती, त्याने तिला बरं वाटलं. समोरचा हात न बघितलेला, आणि या वेळी खरोखरच कुणी न बघितलेला. तिने मनाशी हिशोब केला. चारांतल्या तीन हातांत साधी जोडीही पडत नाही. म्हणजे तीन वाटा तिच्या, एक त्याची. राजांच्या वेळी हिशोबाची जी वाट बंद होती ती चौक्यांना उघडी होती.

"आले," ती म्हणाली आणि सगळ्या कवड्या पुढे केल्या. दोन चौक्या उताण्या टाकल्या. सभागृहात श्वास घेतल्याचा आवाज आला. तीन राजे टाकणारी बाई चौकीच्या जोडीवर सगळं लावत होती.

प्रतापने पानं विश्रामकडे सरकवली. "उघड."

विश्रामने पहिलं उलटं केलं. सत्ती. दुसरं. राणी. दमयंती पुढे वाकली. तिसऱ्या पानावर विश्रामचं बोट जरा थांबलं, मग त्याने ते उलटं केलं.

सत्ती.

एकदम गलका झाला. प्रतापची पोरं कोपऱ्यातून पळत आली आणि त्यांनी त्याला उचललं. दमयंती आधी पानांकडे बघत राहिली, मग जोरजोरात हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"हरलात की हो," विजया म्हणाली. तिलाही हसू येत होतं.

"हरले. पन बरोबर खेळले, ताई. हीच पानं परत आली, तं परत हेच करीन." तिने पिशवी उचलली आणि उरलेली फुलं विजयाच्या हातात दिली. "फुडल्या वर्षी हाय ना बायकांना प्रवेश?"

"आहे," धर्माजी मध्येच म्हणाले. "आहे म्हणजे काय. या नक्की."

गर्दी प्रतापला घेऊन दाराकडे निघाली. तो लोकांच्या हातून सुटून परत टेबलाकडे आला. विश्राम अजून खुर्चीवरच होता. समोर दोन सत्त्या आणि एक राणी.

"मीच पिसले," विश्राम म्हणाला. "मीच वाटले."

"हो."

"आन तरी तूच."

"आलं नशिबात. मी काय करू?" प्रताप त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बाहेर त्याच्या नावाने ओरडत होते, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

विश्रामने ती तीन पानं उचलली, कॅटमध्ये घातली आणि पुष्कळ वेळ नुसता पत्ते पिसत राहिला.

"चल," प्रताप म्हणाला. "चहा घेऊ."

विश्राम लगेच उठला नाही. पण उठला.